निवासी फेलोशिप मागताना : अर्ज, पैशांचा हिशेब आणि घरची सोपवणूक

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरोला मॅकडॉवेल नावाची जागा आहे. लेखक, संगीतकार, चित्रकार तिथे काही आठवडे राहून आपापलं काम करतात. दुपारचं जेवण टोपलीत भरून प्रत्येकाच्या स्टुडिओबाहेर ठेवलं जातं. ठेवणारा माणूस दार वाजवत नाही की हाक मारत नाही. टोपली ठेवतो आणि निघून जातो. पियानोवादक मॅरियन मॅकडॉवेल यांनी पती एडवर्ड यांच्यासह १९०७ मध्ये ही जागा सुरू केली. पुढच्याच वर्षी एडवर्ड गेले, आणि नंतरची कित्येक दशकं मॅरियनबाईंनी ठिकठिकाणी पियानोवादन करून, देणग्या गोळा करून ती चालती ठेवली. संगीतकार एमी बीच १९२१ पासून तिथे नेमाने येत. तिथल्या झाडीत गाणाऱ्या हर्मिट थ्रश पक्ष्याचे सूर टिपून त्यांनी पियानोसाठी दोन रचना केल्या, आणि मृत्युपत्रात आपल्या रचनांचे हक्क त्याच जागेच्या नावे केले.

अशा जागी काही काळ राहून काम करायची संधी म्हणजे निवासी फेलोशिप. तिच्यासाठी अर्ज करणाऱ्या बाईने ती टोपली डोळ्यांसमोर ठेवावी. टेबल-खुर्ची घरीही असते, ग्रंथालय शहरातही असतं. घरी मिळत नाही ते न वाजणारं दार. फेलोशिप देणारी संस्था तेच देऊ करते, म्हणून अर्जात सांगायचं तेही हेच : दार इतके दिवस वाजलं नाही तर माझ्या कामाचा नेमका कोणता भाग पुरा होईल. आणि निवड झाल्यावर दुसरी अर्धी तयारी घरात करायची असते, नाहीतर दाराऐवजी फोन वाजत राहतो. माझ्या मते चांगले चांगले अर्ज पहिल्या मुद्द्यावर ढिले पडतात आणि चांगले चांगले मुक्काम दुसऱ्यावर.

जागा कोणती?

फक्त स्त्रियांसाठी असलेल्या जागा मोजक्याच आहेत. वॉशिंग्टन राज्यात व्हिडबी बेटावरचं हेजब्रुक हे त्यातलं ठळक नाव. नॅन्सी नॉर्डहॉफ यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये ते सुरू झालं. झाडीत विखुरलेल्या सहा छोट्या लाकडी घरांत एकेक लेखिका राहते आणि प्रत्येक घरात लाकडावर चालणारी शेगडी असते. राहण्या-जेवण्याचे पैसे पडत नाहीत, प्रवासाचे पडतात. अलास्कातल्या होमर गावी स्टोरीनाइफ हीही लेखिकांसाठीचीच जागा. संशोधक स्त्रियांच्या निवासाचा इतिहास याहून जुना आहे. लंडनच्या चेल्सी भागातला क्रॉस्बी हॉल ही पंधराव्या शतकातली वास्तू, १९१० च्या सुमारास मूळ जागेवरून सोडवून तिथे पुन्हा उभारलेली. १९२७ पासून विद्यापीठीय स्त्रियांच्या ब्रिटिश महासंघाने तिथे देशोदेशीच्या विदुषींसाठी निवास चालवला, आणि १९३० च्या दशकात नाझी राजवटीतून निसटलेल्या संशोधक स्त्रियांना त्याच ठिकाणी आसरा मिळाला.

रॅडक्लिफची गोष्ट थोडी वेगळी, आणि ज्यांना महिनाभर घर सोडणं खरोखरच शक्य नाही त्यांच्या कामाची. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मेरी बंटिंग या अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजच्या अध्यक्ष होत्या. पतीच्या निधनानंतर चार मुलांना एकटीने वाढवत होत्या. १९६० मध्ये त्यांनी एक योजना जाहीर केली : संसारामुळे ज्यांचा अभ्यास किंवा कला अर्ध्यावर थांबली आहे अशा स्त्रियांना वर्षासाठी पैसे, कामाला स्वतंत्र खोली आणि हार्वर्डच्या ग्रंथालयांची दारं खुली. पात्रतेची अट होती डॉक्टरेट किंवा कलाक्षेत्रातली त्याच तोलाची कामगिरी. कवयित्री अ‍ॅन सेक्स्टन, मॅक्सिन क्युमिन आणि चित्रकार बार्बरा स्वान पहिल्या तुकडीत होत्या. चार मुलींची आई असलेल्या कथाकार टिली ओल्सन पुढच्या तुकडीत आल्या. रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ३,००० डॉलर होती, आणि ती मुलं सांभाळायला माणूस ठेवण्यावर खर्च केली तरी चालत असे. सेक्स्टन यांनी त्या पैशांतून घराच्या व्हरांड्याची अभ्यासिका करून घेतली. या योजनेत राहायचं आपल्याच घरी होतं आणि कामाला यायचं त्या खोलीत. अशा 'येऊन-जाऊन' फेलोशिप आजही काही विद्यापीठांत आणि ग्रंथालयांत असतात, पण 'निवासी' शब्दाने शोध घेतला की त्या सापडत नाहीत. 'अभ्यागत संशोधक', 'ग्रंथालय फेलो', 'स्टुडिओ फेलो' अशा नावांनी शोधा.

आणि पात्रतेची अट दरवर्षी नव्याने वाचा. रॅडक्लिफ कॉलेज १९९९ मध्ये हार्वर्डमध्ये विलीन झालं, आणि तिथल्या आजच्या इन्स्टिट्यूटची वर्षभराची फेलोशिप सर्वांना खुली आहे. याउलट इटलीतल्या सिव्हितेला रानिएरीसारख्या काही ठिकाणी स्वतः अर्जच करता येत नाही, कुणीतरी नाव सुचवावं लागतं. अशा जागेला पत्र लिहिण्यात शक्ती घालवू नका.

मुदतीबद्दल एक साधं गणित. पोहोचल्यावरचे पहिले तीन-चार दिवस झोप, थकवा आणि नव्या जागेची सवय यांत जातात. शेवटचे दोन दिवस आवराआवरीत. म्हणजे १४ दिवसांच्या मुक्कामात खरे कामाचे दिवस आठ-नऊ. त्यात कवितासंग्रहाचा क्रम लावणं, एका प्रकरणाचं पुनर्लेखन, तयार मसुद्यावरून शेवटचा हात फिरवणं होतं. नवं पुस्तक सुरू करणं होत नाही. चार ते सहा आठवड्यांत कादंबरीचा एक सलग भाग किंवा प्रबंधाचं एक प्रकरण पहिल्या मसुद्यापर्यंत जातं. दप्तरखान्यातला शोध आणि लेखन दोन्ही करायचं असेल तर नऊ महिन्यांची विद्यापीठीय फेलोशिपच मागावी. त्यापेक्षा कमी वेळात कागद गोळा होतात आणि लेखन घरी परत येतं.

पैसे

'राहणं-जेवण मोफत' हे वाचून हिशेब तिथेच थांबवण्याची चूक फार होते. महिन्याची कमाई १०० धरून हिशेब मांडून बघा. रजा बिनपगारी असेल तर १०० बुडाले. संस्थेकडून मानधन ६० मिळालं. म्हणजे ४० ची तूट. घरी तुमच्या जागी सांभाळायला ठेवलेल्या माणसाचे ३५, प्रवासाचे ४०, विमा आणि व्हिसाचे १०. एकूण तूट १२५, म्हणजे सव्वा महिन्याची कमाई. मानधन नसेल तर हीच तूट १८५ वर जाते. घरभाडं आणि हप्ते तर तुम्ही तिथे असलात तरी चालूच राहतात, तेव्हा ते भरायला त्या महिन्यात हातात काय असेल तेही पाहा. हा कागद अर्ज करण्यापूर्वी लिहा. एक तर कोणत्या फेलोशिप आपल्यासाठी नाहीतच हे आधी कळतं, आणि दुसरं म्हणजे अर्जात आर्थिक मदतीचा रकाना असेल तर तिथे भरायला खरे आकडे तयार असतात. 'मदत मिळाल्यास आभारी राहीन' यावर समिती काही करू शकत नाही. 'प्रवास आणि पर्यायी सांभाळ मिळून एवढा खर्च आहे, त्यातला एवढा मी उभा करू शकते, उरलेल्यासाठी विनंती आहे' यावर करू शकते.

मुलांच्या किंवा आजारी माणसाच्या सांभाळाचा खर्च मागायला बायका संकोचतात. संकोचू नका. रॅडक्लिफच्या योजनेत सांभाळाचा खर्च हा कामाचाच खर्च मानला गेला होता, आणि ते योग्यच होतं. नियमांत उल्लेख नसेल तर निवड झाल्यानंतर आणि होकार कळवण्यापूर्वी विचारा. तो मधला आठवडा बोलणी करण्यासाठी सर्वांत चांगला असतो.

अर्जाचं शुल्क माफ होऊ शकतं. बऱ्याच ठिकाणी मुदतीआधी दोनेक आठवडे दोन ओळींचं पत्र लिहिलं की पुरतं. मात्र निवड झाल्यावर राहण्याचे पूर्ण पैसे भरायला लावणारी जागा ही फेलोशिप नव्हे, ते भाड्याचं घर आहे. परवडत असेल तर जरूर जा, पण सन्मान मिळाला म्हणून कर्ज काढू नका.

परदेशी जाणार असाल तर निमंत्रणपत्रात चार गोष्टी हव्यातच : तारखा, राहण्याचा पत्ता, कोणता खर्च कोण करणार, आणि मानधन मिळणार की नाही. व्हिसाचा प्रकार अनेकदा याच शेवटच्या ओळीवर ठरतो. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर जिथे फिरता येतं अशा देशांच्या गटात) अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. बारा आठवड्यांची फेलोशिप म्हणजे ८४ दिवस. दोन महिन्यांपूर्वी त्याच भागात आठ दिवसांच्या परिषदेला जाऊन आला असाल तर ९२ होतात आणि गणित मोडतं. तारखा ठरवतानाच आधीच्या प्रवासांचे दिवस मोजून बघा.

अर्ज

अर्जाचे चार भाग असतात : कामाचा नमुना, प्रकल्पाचं टिपण, कामाचा आढावा म्हणजे सीव्ही, आणि शिफारसपत्रं. निकाल नमुन्यावर लागतो, विशेषतः सर्जनशील कामात. तरी सगळा जीव आपण टिपणावर ओततो आणि नमुना शेवटच्या रात्री जुन्या फायलीतून उचलून जोडतो. उलट करा.

नमुना ज्या प्रकारच्या कामासाठी जाताय त्याच प्रकारचा हवा. कादंबरीसाठी अर्ज आणि नमुन्यात कविता असं झालं की वाचणारी गोंधळते. तिच्यासमोर गठ्ठाभर अर्ज असतात, म्हणून पहिलं पान सर्वांत भक्कम हवं. प्रकरण एकच्या पहिल्या पानापासूनच सुरुवात करावी असा कुठलाही नियम नाही. मधला सलग भाग द्यायचा असेल तर वर दोन ओळींचा संदर्भ द्या आणि थेट मजकुरात शिरा. कथानकाचा सारांश नमुन्यात घालू नका. चित्रकार-शिल्पकारांनी प्रत्येक प्रतिमेखाली माध्यम, आकार आणि वर्ष लिहावं. मापं नसली की भिंतभर चित्र आणि हाताएवढं चित्र पडद्यावर सारखंच दिसतं. संगीतकारांनी ध्वनिमुद्रणात कोणत्या मिनिटापासून ऐकावं ते सांगावं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक अडचण नेहमीची आहे. ऑनलाइन अर्जात 'कमाल २,००० अक्षरं' असं म्हटलेलं असतं, आणि अनेक अर्जांतली मोजणी आपल्या डोळ्यांच्या हिशेबाने होत नाही. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं. संगणक त्यात स, हलंत, त, हलंत, र आणि ईची वेलांटी असे सहा मोजतो. 'क्षेत्र'चे सात होतात. त्यामुळे वहीवर बेताचं वाटलेलं टिपण रकान्यात चिकटवलं की शेवटचं वाक्य कापलं जातं, आणि ते कापलं गेल्याचं पाठवेपर्यंत लक्षातही येत नाही. मजकूर चिकटवल्यावर रकान्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचून बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल तशीच पाठवू नका. तो फाँट समोरच्याकडे नसेल तर मजकुराऐवजी निरर्थक रोमन चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये बदला, फाँट फाइलमध्येच बसवून पीडीएफ करा आणि ती दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून पाहा. जोडाक्षरं तुटली असतील तर तिथे दिसतात.

अनुवादित नमुना द्यावा लागणार असेल तर सहा ते आठ आठवडे आधी अनुवादकाला गाठा. मूळ पानंही सोबत जोडा आणि अनुवादकाचं नाव लिहा. घाईत केलेल्या अनुवादात सर्वांत आधी संवाद मरतात, आणि नमुन्यात संवाद असलेलाच भाग निवडलेला असतो. काही ठिकाणी परीक्षकांना नाव कळू दिलं जात नाही. तिथे पानाच्या वरच्या पट्टीतून, फाइलच्या नावातून आणि फाइलच्या गुणधर्मांतूनही आपलं नाव काढा. तिसरी जागा हमखास विसरली जाते.

आता टिपण. कच्च्या अर्जात असं वाक्य असतं : 'मला परिचारिकांच्या आयुष्यावर संशोधनात्मक पुस्तक लिहायचं असून शांत वातावरणाची नितांत गरज आहे.' शांतता सगळ्यांनाच हवी असते, तेव्हा या वाक्यातून समितीला काहीच कळलं नाही. तेच असं लिहून बघा : 'रात्रपाळीतल्या परिचारिकांच्या कामाचा इतिहास सांगणाऱ्या या पुस्तकाची सहापैकी तीन प्रकरणं लिहून झाली आहेत. चौथ्यासाठी घेतलेल्या २२ मुलाखतींचं शब्दांकन तयार आहे. सहा आठवड्यांत मी त्या प्रकरणाचा सुमारे ९,००० शब्दांचा पहिला मसुदा पूर्ण करेन. पाचव्या प्रकरणाला रुग्णालयांची जुनी दप्तरं लागणार आहेत, म्हणून ते या मुक्कामात हाती घेणार नाही.' काय झालंय, हाताशी काय आहे, काय होणार आणि काय होणार नाही, हे चार वाक्यांत आलं. शेवटचं वाक्य लिहायला धीर लागतो, पण विश्वास त्यानेच बसतो. आकडाही तपासून पाहता येतो : ४२ दिवसांतून सुरुवातीचे चार, शेवटचे दोन आणि विश्रांतीचे पाच वजा केले तर ३१ उरतात; ९,००० ला ३१ ने भागलं की दिवसाला २९० शब्द. हे होण्यासारखं आहे. त्याच मुदतीत '६०,००० शब्दांचं पुस्तक पूर्ण करीन' म्हणणाऱ्या अर्जाला हाच भागाकार लावला तर दिवसाला १,९०० च्या वर जातो, आणि परीक्षक तो मनातल्या मनात लावतातच.

कवितेला शब्दसंख्येचं वचन देता येत नाही, देऊही नये. किती कविता कच्च्या आहेत, संग्रहात कुठे अडलंय, कोणती मालिका अपुरी आहे, एवढं सांगावं.

'हीच जागा का' या प्रश्नाला निसर्गवर्णनाने उत्तर देऊ नका. तिथला एखादा संग्रह, छपाईचं यंत्र, भट्टी, पियानो किंवा त्याच विषयात काम करणारी माणसं, यांतलं जे खरं असेल ते लिहा. काहीच नसेल तर 'मला सलग वेळ हवा आहे आणि तो माझ्या सध्याच्या व्यवस्थेत मिळत नाही, कारण…' इथून सुरुवात करा आणि कारण दोन वाक्यांत सांगा. तक्रारीचा सूर नको, वस्तुस्थिती हवी : 'दिवसातले सलग मिळणारे सर्वांत जास्त तास दोन आहेत, तेही रात्री दहानंतर.'

सीव्हीमधली रिकामी वर्षं लपवू नका आणि त्याबद्दल माफीही मागू नका. 'या चार वर्षांत पूर्णवेळ कौटुंबिक सांभाळ' एवढी एक ओळ पुरते. डॉक्टरेटनंतर अमुक वर्षांच्या आत अर्ज करावा अशी अट असेल तर त्यात सवलत आहे का ते विचारा. युरोपियन रिसर्च काउन्सिलच्या अनुदानांत आईला प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची वाढीव मुदत मिळते. निवासी फेलोशिपमध्येही असा नियम कधी कधी असतो, पण तो पात्रतेच्या पानाच्या तळाशी असतो.

शिफारसपत्रांबाबत जरा थांबून बोलायला हवं. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेल्या ३०० हून अधिक शिफारसपत्रांचा फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी अभ्यास केला होता. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत शंका निर्माण करणारी वाक्यं जास्त होती आणि मेहनतीचं कौतुक संशोधनापेक्षा पुढे येत होतं. 'कष्टाळू, मनमिळाऊ, वेळेची पक्की' हे सगळं खरं असलं तरी फेलोशिप त्यावर मिळत नाही. ही पत्रं लिहिणारी माणसं आपलं वाईट चिंतत नसतात. समोर ठोस काही नसलं की मनात आधी स्वभावच येतो. म्हणून चार ते सहा आठवडे आधी विचारा आणि सोबत अर्धं पान द्या : प्रकल्पाचं टिपण, तुमच्या कोणत्या कामावर त्यांनी लिहावं, त्या कामात नवीन काय होतं, आणि मुदतीची तारीख. शिफारस करणारा माणूस किती मोठ्या नावाचा आहे याहून त्याने तुमचं काम वाचलंय का हे महत्त्वाचं. वाचलेलं नसलं की पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यात ते उघडं पडतं.

घरची सोपवणूक

निवडीचं पत्र आल्यावर बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, 'आम्ही सगळे मिळून बघू.' प्रेमाने म्हटलेलं असतं, पण सगळे मिळून म्हणजे कुणीच नाही. प्रत्येक कामापुढे एक नाव हवं.

मुक्कामाच्या सहा आठवडे आधी एक वही घ्या आणि सात दिवस आपण काय काय करतो ते होईल तसं टिपा. आठवून लिहू नका. आठवून लिहिलेल्या यादीत फक्त दिसणारी कामं येतात, जसं स्वयंपाक, शाळेत सोडणं, भाजी. घोळ होतो तो न दिसणाऱ्या कामांत. गोळ्यांची पट्टी संपायच्या पाच दिवस आधी दुसरी आणायची असते, हे कुणाच्या लक्षात असतं? शाळेच्या सूचना ज्या ग्रुपवर येतात त्यात कुणाचा नंबर आहे? गॅस संपल्याचं कळवणं, विजेच्या बिलाची तारीख, मुलाला कोणत्या मास्तरांची भीती वाटते, आजींना डोळ्यांत थेंब घालताना मान कशी धरायची. वहीत डाव्या पानावर काम, उजव्या पानावर नाव आणि खाली 'अडलं तर कुणाला विचारायचं' याचं दुसरं नाव लिहा. ते दुसरं नाव तुमचं नको.

मग निर्णयांचा अधिकार सोपवा. काम सोपवलं आणि निर्णय आपल्याकडे ठेवला की फोन येणारच, 'ताप शंभर आहे, काय करू?' आधीच लिहून ठेवा : किती तापापर्यंत घरी थांबायचं, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करायचा. फोनचे तीन प्रकार ठरवा. अपघात किंवा दवाखान्यात भरती असेल तर ताबडतोब, कितीही वाजता. बाकी महत्त्वाचं संध्याकाळच्या ठरलेल्या अर्ध्या तासात. उरलेलं परत आल्यावर. मुलं लहान असतील तर तो अर्धा तास त्यांच्या झोपेच्या वेळेला लावू नका. तेव्हा ती थकलेली, रडवेली असतात आणि दोन्हीकडची रात्र जड जाते. संध्याकाळी खेळून आल्यावरची वेळ बरी.

तीन आठवडे आधी दोन रात्रींची रंगीत तालीम करा. बहिणीकडे, मैत्रिणीकडे, कुठेही जा आणि फोन बंद ठेवा. परत आल्यावर काय काय राहिलं ते शांतपणे विचारून वहीत भरा. कुणाला दोष देऊ नका. तालीम यासाठीच होती. आणि निघण्याच्या आठवड्यात महिनाभराचं खाणं करून ठेवण्याच्या भरीस पडू नका. मागच्यांचे चार दिवस सोपे होतात, तुमचे मुक्कामातले पहिले सहा दिवस अंगदुखीत जातात.

अंगावर पिणारं बाळ असेल किंवा मूल सोडून जाणं शक्य नसेल तर आधी संस्थेला स्पष्ट विचारा : मूल आणता येईल का, सोबत सांभाळणारी व्यक्ती राहू शकेल का, दूध साठवायला फ्रीज खोलीत मिळेल का. बऱ्याच ठिकाणी मुलांना परवानगी नसते. काही ठिकाणी मुक्काम दोन तुकड्यांत विभागून मिळतो, दोन आठवडे आता आणि दोन पुढच्या ऋतूत. नियमांत लिहिलेलं नसलं तरी विचारायला हरकत नाही. कुटुंबाने भेटायला यायचं असेल तर शेवटच्या दिवशी. मधल्या भेटीने लेखनाची लय तुटते आणि मूल परत जाताना पुन्हा रडतं.

घर सोडताना मन खातं, हे खरं आहे. वही नीट भरलेली असली तरी खातं. ते काम चुकीचं असल्याची खूण मानू नका.

होकार कळवण्यापूर्वी संस्थेलाही काही विचारायचं असतं, आणि ते लेखी. खोलीला आतून कुलूप लागतं का? रात्री आवारात जबाबदार कोण असतं? फोनला रेंज आहे का? जवळचा दवाखाना किती मिनिटांवर, आणि गाडी कुणाची? गैरवर्तनाची तक्रार कुणाकडे करायची, आणि ती व्यक्तीच त्यात गुंतलेली असेल तर दुसरं कोण? चालण्या-चढण्याची अडचण असेल तर पायऱ्या किती, न्हाणीघर कुठे. चांगल्या संस्था या प्रश्नांनी रागावत नाहीत. बहुतेकांकडे उत्तरांचा कागद तयारच असतो. टोलवाटोलवी झाली तर तेही एक उत्तरच आहे.

तिथे गेल्यावर

एकच प्रकल्प न्या. दुसरा 'जमलं तर' म्हणून नेलेला असतो आणि पहिला अवघड झाला की आपण तिकडे पळतो. मसुदा छापून न्या, कारण नव्या टेबलावर पडद्यापेक्षा कागदावर लवकर शिरता येतं. इंटरनेट बेभरवशाचं असतं असं धरून शब्दकोश, लेख, स्कॅन आधीच उतरवून घ्या. स्कॅनला नाव देताना वर्ष, ठिकाण, पान हा क्रम ठेवा. कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या शेकडो फायलींत एक उतारा शोधायला अख्खी दुपार जाते. लेखनाच्या दोन प्रती ठेवा, आणि दुसरी त्याच पिशवीत नको.

पहिले तीन दिवस झोप येईल. झोपा. अनेक वर्षांची थकबाकी असते ती. चौथ्या दिवसापासून वेळ बांधा. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅराटोगा स्प्रिंग्जच्या याडो या कलाकारांच्या जुन्या निवासात सकाळी नऊ ते दुपारी चार अशी शांततेची वेळ पाळतात. तुमच्या जागेत तसा नियम नसला तरी आपल्यापुरता तो घालून घ्या. संध्याकाळच्या जेवणाला मात्र जात जा. दिवसभर एकटीने अडलेली गोष्ट दुसरीला सांगता सांगता सुटते, हा निवासाचा मोठा लाभ आहे. शेजारच्या खोलीतली रोज किती पानं लिहिते हे ऐकून आपली मोजायला लागू नका, एवढंच. व्याख्यान, खुला दिवस, कार्यशाळा अशी काही जबाबदारी करारात असेल तर तिची तारीख पहिल्याच आठवड्यात पक्की करा. शेवटच्या आठवड्यात ढकललेलं व्याख्यान त्या आठवड्यातले तीन दिवस खातं.

शेवटच्या दोन दिवसांत नवं काही लिहू नका. एका पानावर टिपा : कुठे थांबलो, पुढचा परिच्छेद कशाबद्दल, कोणता संदर्भ तपासायचा राहिला, कोणतं पान खटकतंय. घरी पोहोचल्यावर पुन्हा लिहायला बसेपर्यंत दहा-पंधरा दिवस सहज जातात आणि तेवढ्यात धागा निसटतो. संस्थेला द्यायचा अहवालही तिथेच लिहून टाका. आश्वासन दिल्यापैकी काय झालं नाही तेही त्यात प्रामाणिकपणे लिहा. पुढच्या अर्जाला हा अहवालच तुमची शिफारस असतो. निवड झाली नव्हती, किंवा प्रतीक्षायादीत नाव राहिलं होतं, तर पुढच्या फेरीत नवा नमुना घेऊन पुन्हा अर्ज करा. परीक्षक बहुतेक ठिकाणी बदलत असतात.

घरी परतल्यावर सोपवणुकीची वही पुन्हा काढा. त्यातली निदान दोन कामं परत घेऊ नका. ज्याने महिनाभर ती नीट केली त्याच्याकडेच राहू द्या. गोळ्यांची पट्टी आणि शाळेचा ग्रुप, ही दोन चालतील. त्यातून सुटणारे तास त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा, वार आणि वेळ घालून, आणि त्या वेळात दार वाजवायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगा.